बीटल्सची सगळ्यांत कमकुवत गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतक्या मोठ्या बँडची पडेल गाणी शोधायचीच कशाला?

ऑक्टोबर 1962 मध्ये 'लव्ह मी डू' ही त्यांची पहिली सिंगल आली आणि मे 1970 मध्ये 'लेट इट बी' हा शेवटचा अल्बम. मधल्या साडेसात वर्षांत दोनशेच्या वर गाणी, शिवाय दौरे, सिनेमे, रेडिओ, टीव्ही. या वेगात काही गाणी फसणारच, आणि ती फसलेली गाणी ऐकली की हे चौघे काम कसं करत होते ते कळतं. 'यस्टर्डे' ऐकून ते कळत नाही, कारण ते गाणं आपसूक उगवल्यासारखं वाटतं. पडेल गाण्यात मात्र जोडकाम दिसतं, टाके दिसतात. मी या बँडवर मनापासून प्रेम करतो, म्हणून मला ते टाकेही बघायचे असतात.

कमकुवत म्हणायचं तरी कशाला? ज्याची त्याची आवड नाही का ही?

न आवडणं आणि फसणं या दोन गोष्टी आहेत. 'रेव्होल्यूशन 9' अनेकांना ऐकवत नाही, पण ते करणाऱ्याला नेमकं तेच करायचं होतं. उलट काही गाणी कानाला गोड लागतात आणि तरी त्यांत कोणाचाच जीव नसतो.

मी एकच प्रश्न विचारतो : हे गाणं करताना त्यांचं मन कुठे होतं? मन गाण्यात असेल, तर गाणं चक्रम असो, लांबलचक असो, बालिश असो, मी त्याला कमकुवत म्हणत नाही. पाट्या टाकल्या असतील तर म्हणतो.

मग सगळ्यांत कमकुवत गाणं कोणतं?

माझं उत्तर 'होल्ड मी टाइट'. नोव्हेंबर 1963 च्या 'विथ द बीटल्स' या दुसऱ्या अल्बमवरचं.

या गाण्याची कथाच बोलकी आहे. 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात बीटल्सनी पहिल्या अल्बमची 10 गाणी रेकॉर्ड केली. शेवटी रात्री, सर्दीनं घसा बसलेला असताना, जॉन लेननने 'ट्विस्ट अँड शाउट' गायलं आणि ते अजरामर झालं. त्याच दिवशी 'होल्ड मी टाइट'वरही वेळ घालवला होता. कितीतरी टेक झाले, गाणं जमेना, बाजूला ठेवलं. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या अल्बमसाठी तेच गाणं पुन्हा काढलं, तेव्हाही ते जमलं नाही. फरक इतकाच, की या वेळी ते अल्बमवर गेलं.

पॉल मॅकार्टनीचा आवाज त्यात चक्क बेसूर होतो, वरच्या जागेवर पोचण्याआधीच घसरतो. पॉल! ज्याच्या सुराबद्दल कोणी बोट दाखवू नये असा माणूस. पुढे त्यानंच हे गाणं सिंगल म्हणून करायला घेतलेला आणि साध्य न झालेला प्रयत्न असल्याचं कबूल केलं, आणि जॉनला तर त्यात कधीच रस नव्हता. अल्बमवर त्याच्या एका बाजूला 'रोल ओव्हर बेथोव्हन' आहे, दुसऱ्या बाजूला 'यू रिअली गॉट अ होल्ड ऑन मी'. दोन्ही दुसऱ्यांची गाणी, आणि दोन्ही जीव तोडून गायलेली. त्यांच्या मधोमध स्वतःचं गाणं असं उरकलेलं ऐकताना मला दर वेळी वाईट वाटतं.

बहुतेक याद्यांत 'मिस्टर मूनलाइट' पहिलं असतं. ते नाही का?

ते जवळपास पोचतं. पण त्याची सुरुवात ऐका. एकही वाद्य नाही, आणि जॉन एकदम काळीज फाडून हाक मारतो. त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो सर्वस्व देतो. मग बाकीचं गाणं येतं आणि सगळं ओसरतं. ठेका लडबडतो, जॉर्ज हॅरिसन एका आफ्रिकन ढोलावर थापा मारतो, आणि मध्येच पॉलचं हॅमंड ऑर्गन असं काही वाजतं की एखाद्या रिकाम्या हॉटेलात संध्याकाळी कोणी करमणुकीला बसवलंय. हॅम्बर्गच्या क्लबातल्या डिसेंबर 1962 च्या टेपवर हेच गाणं सापडतं. तिथे ते धावतं. स्टुडिओत ते रांगतं.

खरी हळहळ वेगळी आहे. 14 ऑगस्ट 1964 ला 'मिस्टर मूनलाइट'चा पहिला प्रयत्न झाला, त्याच दिवशी त्यांनी 'लीव्ह माय किटन अलोन' रेकॉर्ड केलं. तेही दुसऱ्याचं गाणं, पण जॉन त्यात असा पेटलेला आहे की ऐकताना खुर्चीत बसवत नाही. अल्बमवर कोणतं घेतलं? 'मिस्टर मूनलाइट'. 'किटन' 1995 मध्ये 'अँथॉलॉजी 1' येईपर्यंत, म्हणजे 31 वर्षं, कपाटात पडून होतं. चुकीचं गाणं रेकॉर्ड करण्यापेक्षा चुकीचं गाणं निवडणं मला जास्त खुपतं.

'मिस्टर मूनलाइट' असलेल्या 1964 च्या 'बीटल्स फॉर सेल' अल्बमवर इतकं थकलेपण का आहे?

कारण ते थकलेलेच होते. फेब्रुवारीत अमेरिका, मग सिनेमा, जुलैत 'अ हार्ड डेज नाइट' हा 13 गाण्यांचा अल्बम, सगळी गाणी लेनन-मॅकार्टनीची. त्याआधी जूनमध्ये युरोप, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा दौरा झालेला, ऑगस्टपासून अमेरिकेचा मोठा दौरा. आणि नाताळच्या बाजारात नवा अल्बम हवाच! 'बीटल्स फॉर सेल' 4 डिसेंबर 1964 ला आला. 14 पैकी 6 गाणी दुसऱ्यांची, क्लबात वर्षानुवर्षं वाजवून घासून गुळगुळीत झालेली. मुखपृष्ठावरचे चार चेहरे बघा. विशीतली ही पोरं किती ओढलेली दिसतात. अल्बमचं नाव 'विकाऊ' असं ठेवलंय, ते काही उगाच नाही.

तरी त्याच अल्बमवर 'नो रिप्लाय' आहे, 'आय ॲम अ लूझर' आहे. घाण्याला जुंपलेल्या माणसांनी असलं काही लिहावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

'हेल्प!'च्या शेवटी 'यस्टर्डे'नंतर 'डिझी मिस लिझी' का?

अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीला तिच्या तिथल्या अल्बमसाठी गाणी कमी पडत होती. मे 1965 मध्ये एका दिवसात दोन जुनी गाणी उडवून दिली, त्यांतलं हे एक. नंतर ते ब्रिटिश अल्बमच्या शेवटीही लागलं. भरीचं गाणं. 'यस्टर्डे' संपल्यावर सुई उचला, एवढंच सांगेन.

'रन फॉर युअर लाइफ' ऐकायला तर छान आहे. त्यावर इतका राग का?

शब्दांमुळे. दुसऱ्या पुरुषाबरोबर दिसलीस तर जीव घेईन, अशी धमकी एक माणूस आपल्या मैत्रिणीला देतो, आणि चाल मात्र टाळ्या वाजवत म्हणावी अशी. सुरुवातीची ओळ जॉननं एल्व्हिस प्रेस्लीनं गायलेल्या 'बेबी, लेट्स प्ले हाउस'मधून उचलली होती. जुन्या ब्लूज-रॉकमध्ये असल्या धमक्या सर्रास असत, हे खरं. पण हे गाणं डिसेंबर 1965 च्या 'रबर सोल'वर आहे. ज्या अल्बमवर 'गर्ल', 'नॉर्वेजियन वूड' आणि 'इन माय लाइफ' आहे, त्याचा शेवट या गाण्यानं होतो. माणसाच्या मनाचे इतके पदर उलगडून दाखवणारा लेखक शेवटी हातात दगड घेतो.

जॉनलाही हे गाणं आवडत नसे. आपण लिहिलेल्यांत सगळ्यांत नावडतं म्हणून त्यानं याचंच नाव घेतलं होतं, आणि जॉर्जला मात्र ते आवडायचं असंही तो सांगे. 1967 च्या 'गेटिंग बेटर'मध्ये बाईला मारहाण केल्याची कबुली देणारा भाग जॉनचा आहे, आणि तो स्वतःच्या वागण्याबद्दलच होता हे त्यानं 1980 च्या मुलाखतीत सांगितलं. ती दोन गाणी लागोपाठ ऐका. पहिल्यात माणूस मिरवतो, दुसऱ्यात तोच माणूस मान खाली घालतो. म्हणून 'रन फॉर युअर लाइफ' कोणी पुसून टाकावं असं मला वाटत नाही, पण ते मी मुलांसमोर लावत नाही.

'ओब-ला-दी, ओब-ला-दा' खरंच इतकं वाईट आहे का?

नाही. 2004 मध्ये 'ब्लेंडर' मासिकानं सर्वांत वाईट 50 गाण्यांच्या यादीत याला बसवलं, तेव्हापासून त्याला नावं ठेवणं ही रीतच झाली. या गाण्यावर जुलै 1968 मध्ये दिवसच्या दिवस गेले. पॉलला ठेका मनासारखा मिळेना, पुन्हा पुन्हा नव्यानं सुरुवात. जॉन अशा गाण्यांना आजीबाईंचं संगीत म्हणायचा. एके दिवशी तो वैतागून आला, पियानोवर बसला आणि सुरुवातीचे सूर दुप्पट वेगानं ठोकले. आज आपण ऐकतो ती सुरुवात त्या रागाची आहे, आणि गाण्यातली सगळ्यांत जिवंत जागा तीच. त्याच महिन्यात तिथल्या तणावाला कंटाळून ध्वनिमुद्रक जेफ एमरिक काम सोडून गेला.

शब्द जिमी स्कॉट या नायजेरियन काँगावादकाच्या तोंडी असलेले : आयुष्य चालूच राहतं, अशा अर्थाचे. शेवटच्या कडव्यात नवरा-बायकोची नावं अदलाबदल झाली आणि डेस्मंड घरी बसून चेहरा रंगवू लागला. ती चूक तशीच ठेवली. मला तर ती फार गोड वाटते. मार्मलेड या बँडनं हे गाणं गायलं आणि जानेवारी 1969 मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. वरातीत बँजोवाल्यांनी वाजवावं असं गाणं आहे हे. त्याला कमकुवत म्हणणाऱ्यांनी एकदा नाचून बघावं.

आणि 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर'?

इथे माझी वरची कसोटी अडते, आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. या गाण्यात मन नव्हतं असं म्हणताच येत नाही. पॉलचं होतं, जरुरीपेक्षा जास्त होतं. बाकीच्या तिघांचं शून्य.

जानेवारी 1969 मध्ये ट्विकनहॅमच्या स्टुडिओत त्याची तालीम चालू असतानाच बाकीच्यांचे चेहरे उतरलेले दिसतात. त्या दिवसांचं चित्रण पीटर जॅक्सनच्या 2021 च्या 'गेट बॅक' या माहितीपटात आहे. बँडचा मदतनीस मॅल एव्हान्स लोहाराच्या ऐरणीवर हातोडा मारताना त्यात दिसतो, आणि त्या अख्ख्या खोलीत आनंदी असलेला बहुधा तो एकटाच. जुलैत प्रत्यक्ष रेकॉर्डिंग झालं. जॉन स्कॉटलंडमधल्या मोटार अपघातातून नुकताच परतला होता, त्यानं या गाण्यात काहीही वाजवलं नाही. ऑगस्टमध्ये वर 'मूग' नावाचं इलेक्ट्रॉनिक वाद्यही, म्हणजे सिंथेसायझर, चढलं. रिंगो स्टार हा चौघांत सगळ्यांत सोशीक. त्यानंही पुढे 2008 मध्ये रेकॉर्डिंगचा सगळ्यांत वाईट अनुभव म्हणून याच गाण्याचं नाव घेतलं.

गाणं आहे एका खुनी विद्यार्थ्याचं, हसतखेळत सांगितलेलं. कारागिरी चोख आहे, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण चौघांच्या बँडमध्ये एकजण रांधतोय आणि तिघं ताटावर नुसते बसलेत, हे ऐकू येतं. शिवाय ते 'समथिंग'नंतर लागतं. जॉर्जनं आयुष्यातलं सर्वांत सुंदर गाणं दिलं आणि पुढच्या क्षणी हातोडा.

थोडक्यात, मन असणं पुरत नाही. ते चौघांचं असावं लागतं. निदान बीटल्सचं गाणं म्हणायचं असेल तर.

'रेव्होल्यूशन 9'ला गाणं तरी म्हणायचं का?

त्याला कोलाज म्हणा. जून 1968 मध्ये जॉन, त्याची जोडीदार योको ओनो आणि जॉर्ज यांनी टेपचे तुकडे जोडून ते केलं. 8 मिनिटं 22 सेकंद, बीटल्सच्या अल्बमांवरचा सर्वांत लांब तुकडा. 'नंबर नाइन' म्हणणारा तो कोरडा आवाज परीक्षेच्या एका जुन्या टेपवरचा आहे.

असले प्रयोग पॉलनं जॉनच्या आधी केले होते. त्याच्या पुढाकारानं जानेवारी 1967 मध्ये झालेलं 'कार्निव्हल ऑफ लाइट' अजूनही अप्रकाशित आहे. जॉननं मात्र आपला प्रयोग लाखो घरांत पोचवला. मी रात्री दिवा मालवून हे पूर्ण ऐकतो, वर्षातून एकदा तरी. गर्दी, ऑर्केस्ट्राचे तुकडे, कुजबुज, आरडाओरडा, आणि ते संपल्यावर लगेच रिंगोच्या आवाजातली 'गुड नाइट' ही अंगाई. ते दोन तुकडे वेगळे काढू नका.

हे ज्यावर आहे त्या 1968 च्या 'व्हाइट अल्बम'वर खरोखर भरीचं काही असेल तर 'वाइल्ड हनी पाय', एका मिनिटाच्याही आतलं, पॉलनं एकट्यानं केलेलं. जॉर्जची बायको पॅटी हिला ते आवडलं म्हणून राहिलं.

'व्हाइट अल्बम' एकाच तबकडीचा असता तर?

निर्माते जॉर्ज मार्टिन यांना तसंच हवं होतं. 30 गाण्यांतून 14 निवडण्याचा खेळ मीही कितीदा खेळलोय, आणि दर वेळी यादी वेगळी होते. त्यावरून मी ठरवलं की आहे ते बरं आहे.

जॉर्जची भारतीय वळणाची गाणी लोक पुढे ढकलतात. ती कमकुवत आहेत का?

या प्रश्नावर आपल्या कानांना थोडा जास्त अधिकार आहे, म्हणून जरा सविस्तर.

'विदिन यू विदाउट यू' हे 1967 च्या 'सार्जंट पेपर'वरचं पाच मिनिटांचं गाणं. इंग्रजी-अमेरिकी याद्यांत याला कंटाळवाणं ठरवतात. बाकी तिघा बीटल्सपैकी यात कोणी नाही. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधले वादक, दिलरुबा, तंबोरा, तबला, आणि वर जॉर्ज मार्टिन यांनी बांधलेली व्हायोलिन आणि चेलोची साथ. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका रचनेवरून हे सुचल्याचं हॅरिसननं सांगितलं आहे. आता तबल्याकडे लक्ष द्या. गाणं तीनतालात चालतं, मधल्या वाद्यांच्या भागात झपताल येतो, दिलरुबा आणि व्हायोलिनची सवाल-जवाबासारखी देवघेव होते आणि मग पुन्हा मूळ ठिकाणी परत. ज्याला ही वाट ओळखीची नाही त्याला वाटतं की काहीच घडत नाही. आपल्याला मात्र ऐकू येतं की घडतंय. शब्द उपदेशाकडे झुकतात हे मान्य. पण एका चोविशीतल्या पोरानं जगातल्या सर्वांत गाजलेल्या अल्बमवर दिलरुबाला मधोमध बसवलं, शोभेपुरतं नव्हे. त्यात त्याचं मन पूर्ण होतं. 1966 च्या सप्टेंबरात तो सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला होता, त्याची ही फळं.

'द इनर लाइट' तर मुंबईचंच. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन इथल्या एचएमव्ही स्टुडिओत एका सिनेमाचं संगीत करत होता. तेव्हाच या गाण्याची वाद्यं रेकॉर्ड झाली, सरोद, बासरी, शहनाई, पेटी वाजवणारे वादक इथले. त्या बासरीवाल्या तरुणाचं नाव हरिप्रसाद चौरसिया. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांचा आवाज आत येई आणि काम थांबवावं लागे, अशी आठवण हॅरिसन सांगायचा. आवाज नंतर लंडनमध्ये चढवला. मार्च 1968 मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते आलं, आणि मागच्या बाजूलाच राहिलं. अडीच मिनिटांचं ते नितळ गाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी आज ऐकावं.

जॉर्जचं खरं पडेल गाणं म्हणजे 'ओन्ली अ नॉर्दर्न साँग'. नॉर्दर्न साँग्ज ही त्यांच्या गाण्यांची प्रकाशन कंपनी. तिच्यात जॉन-पॉलच्या मानानं जॉर्जचा हिस्सा अगदीच किरकोळ होता. तो राग रास्तच होता, पण गाणं मुद्दाम वेडंवाकडं करून दाखवलंय, आणि सतत चिडून वाकड्यात शिरणारी चाल ऐकणाऱ्याला काही देत नाही. 'सार्जंट पेपर'साठी फेब्रुवारी 1967 मध्ये ते केलं होतं, तिथे नाकारलं गेलं. त्याच्या जागी त्यानं 'विदिन यू' आणलं. नकाराचा असा उपयोग होतो.

'यलो सबमरीन' अल्बम सगळ्यांत कमकुवत अल्बम आहे ना?

हो. नवी गाणी चारच, अख्खी दुसरी बाजू जॉर्ज मार्टिन यांचं वाद्यवृंदाचं संगीत. तरी त्या चारांत 'हे बुलडॉग' आहे, त्याला हात लावू देणार नाही.

'द लाँग अँड वाइंडिंग रोड' पॉलचं बिघडवलं कोणी?

एप्रिल 1970 मध्ये निर्माता फिल स्पेक्टरनं पॉलला न विचारता त्यावर व्हायोलिनं आणि बायकांचा कोरस ओतला, यावर पॉलचा संताप सर्वश्रुत आहे. कोर्टातही तो मुद्दा आला. पण 2003 चं साधं रूप ऐकलं तरी गाण्याची चाल तशी गोडच आहे, आधीपासून. मला जास्त सलतो तो जॉननं वाजवलेला बास. अडखळतो, चुकतो, आणि कोणी दुरुस्तही करत नाही. चार वर्षांपूर्वी असं झालं असतं तर पुन्हा टेक घेतला असता. व्हायोलिनं काढून टाकता येतात, ती बेपर्वाई काढता येत नाही.

2023 चं 'नाऊ अँड देन' या यादीत घालायचं का?

जॉननं सत्तरच्या दशकात घरी टेपवर गुणगुणलेलं गाणं. 1995 मध्ये तिघांनी हात घातला, जॉर्जला पटलं नाही, सोडून दिलं. पुढे संगणकानं जॉनचा आवाज पियानोपासून सोडवला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ते आलं. रचना म्हणून ते अपुरं आहे, जॉननंच अर्धवट ठेवलेलं. पण दोन ऐंशीच्या घरातली माणसं गेलेल्या दोन मित्रांबरोबर वाजवतायत, तिथे माझी कसोटी मी खाली ठेवतो.

स्वतः बीटल्सनी नापास केलेलं, पण ऐकावंच असं एखादं?

'इफ यू'व्ह गॉट ट्रबल'. फेब्रुवारी 1965 मध्ये रिंगोसाठी जॉन-पॉलनी लिहिलेलं. शब्द ओढूनताणून, चाल एकाच जागी घुटमळणारी, म्हणून 'हेल्प!'वर त्याच्या जागी 'ॲक्ट नॅचरली' आलं आणि हे 1996 पर्यंत बंद राहिलं. गिटारचा तुकडा येतो तेव्हा सगळं इतकं ढिलं पडलेलं असतं की रिंगो न राहवून ओरडतो, 'रॉक ऑन, एनीबडी!' कोणीतरी वाजवा रे, असं. आवाज मोठा ठेवून ती जागा ऐका. त्या हाकेनंतर जॉर्जची गिटार येते, आणि तीही तितकीच सुस्त आहे.